दमधरे आणि कडक काठी

माझ्या भावोजींना नदीवर सगळे दमधरे म्हणायचे. ऐकायला आडनाव वाटतं, पण ते आडनाव नव्हे. शिकवताना सारखं "दम धर, दम धर" म्हणायचे, म्हणून कुणीतरी चेष्टेनं ठेवलेलं नाव, आणि चिकटलं ते चिकटलंच. माझी थोरली बहीण, म्हणजे त्यांची बायको, रागावली की तीसुद्धा दमधरेच म्हणायची. आणि ताई बहुतेक वेळा रागावलेलीच असायची.

नदीकाठी एक क्लब आहे. शहरातले पाहुणे येतात, छातीपर्यंत येणारे रबरी बूट चढवून पाण्यात उभे राहतात, पिसांची खोटी माशी पाण्यावर टाकतात, मासा लागला की त्याला हातात धरून फोटो काढतात आणि परत सोडून देतात. एवढा खटाटोप करून सोडायचा होता तर धरला कशाला, हे मी आयुष्यात कुणाला विचारलं नाही, कारण आमच्या तिघांचं पोट त्याच खटाटोपावर चाललं होतं. भावोजी पाहुण्यांना शिकवायचे. मी क्लबच्या काठ्या दुरुस्त करते: काठीवरची दोरी ओवायची कडी निसटली की दोरा गुंडाळून बसवायची, वर वार्निशचा हात द्यायचा. क्लबच्या मागच्या अंगाला दोन खोल्या आणि पुढे गवताचा एक पट्टा, तिथं आम्ही राहायचो. मी लग्न केलं नाही. का केलं नाही हे ताई सांगेल, तिला फार आवडतं सांगायला.

या खेळाची एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. माशीला वजन नसतं, वजन असतं दोरीला. काठी मागे न्यायची, दोरी पाठीमागे हवेत सरळ होऊ द्यायची, ती सरळ झाली की काठी वाकते, मुठीला ओढ कळते, आणि मग पुढे फेकायचं. भावोजींची काठी जुन्या फायबरग्लासची, पिवळट, पार मुठीपर्यंत वाकणारी. तिला वाकायला वेळ लागायचा आणि सरळ व्हायलाही. त्या काठीवर घाई केली की दोरी चाबकासारखी कडाडते आणि माशी तुटून जाते. म्हणून ते शिकणाऱ्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवायचे, डॉक्टर नाडी बघतात तशी. हात मागे गेला की बोटं दाबून धरायचे. "दम धर... दम धर... हं, आता." मोठमोठे साहेब त्या दोन बोटांखाली लहान मुलासारखे गप्प उभे राहायचे. मला ते बघायला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

त्यांची लेक, म्हणजे माझी भाची, त्या बोटांखालीच शिकली. आणि जावईही. जावई तेव्हा जावई नव्हता, क्लबच्याच कार्यालयात कारकून होता आणि दोरी स्वतःच्याच कानात अडकवून घ्यायचा. भावोजी त्याला "अरे गाढवा, दम धर" म्हणायचे. पुढे त्यानं भाचीशी लग्न केलं आणि भावोजी त्याला अहोजाहो करायला लागले. मग तो क्लबचा व्यवस्थापक झाला. त्या दिवसापासून मला तो माणूस डोळ्यांसमोर नको व्हायचा. गोड बोलायचा. गोड बोलणाऱ्याचं काय करायचं हे मला कधी जमलेलं नाही.

एका हिवाळ्याच्या शेवटी त्यानं सगळ्या मार्गदर्शकांना दुकानात बोलावलं. क्लबचं दुकान म्हणजे काचेची दोन कपाटं आणि भिंतीला उभ्या लावलेल्या काठ्या. तो म्हणाला, "आपण कार्बनच्या काठ्या विकतो. पाहुण्याला जी काठी विकायची, ती मार्गदर्शकाच्या हातात दिसायला हवी. हंगामाच्या पहिल्या दिवशी मालक येणार आहेत. प्रत्येकानं कार्बनच्या काठीनं माशी पलीकडच्या सपाट खडकावर टाकून दाखवायची. ज्याला जमणार नाही, त्याला यंदा काम नाही."

कुणीतरी विचारलं, "आणि खोल्या?"

"खोल्या मार्गदर्शकांसाठीच आहेत ना," तो म्हणाला. कुणाकडे बघून म्हणाला नाही. बघायची गरजच नव्हती, क्लबच्या आवारात राहणारे आम्हीच तिघं.

तर प्रश्न एवढाच होता. भावोजींना नवी काठी चालवता आली तर घर राहणार, नाहीतर ताईचा सगळा संसार गाठोड्यात.

दुसऱ्या दिवशी काठी निवडायला भावोजी दुकानात गेले, मी मागोमाग. काठ्या तीन प्रकारच्या होत्या. एक जरा मऊ, अर्ध्यापर्यंत वाकणारी. एक मधली. आणि एक कडक, फक्त शेंड्याला वाकून लगेच ताठ होणारी. काठी निवडायची म्हणजे आमच्याकडे सगळे एकच करतात, मुठीत धरून हलवतात. भावोजींनी मऊ काठी उचलली, हलवली, आणि त्यांचा चेहरा खुलला. काठी पूर्ण वाकत नव्हती, पण वाकत होती. ओळखीचं माणूस परक्या गावात भेटावं तसं त्यांना झालं असावं. ते डोळे मिटून हलवत राहिले.

जावई काउंटरमागे उभा होता. भोवती तीनचार तरुण मार्गदर्शक होते. तो अगदी मायेनं म्हणाला, "बाबा, बघा हं, ती लेडीज आहे. बायका आणि शिकाऊ लोकांसाठी मागवलीय. पण तुम्हाला बरी वाटत असेल तर घ्या. या वयात हाताला त्रास नको."

पोरं हसली. फार नाही, नाकातल्या नाकात. भाची तिथंच पावत्या लावत होती, तिनं मान वर केली नाही.

भावोजींनी मऊ काठी जागेवर ठेवली आणि कडक उचलली. हलवलीसुद्धा नाही.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "भावोजी, अंगात आलंय का? मऊ नको तर मधली घ्या. फायबरग्लासच्या काठीवर जन्म काढलेल्या माणसानं एकदम त्या गजाला हात घालू नये."

"तुझं काम दोरा गुंडाळायचं."

"मग दोरा गुंडाळणारीचं ऐका. हीच घ्यायची तर दोरी काठीवरच्या नंबरापेक्षा एका नंबरानं जड लावा. जड दोरीनं ही मेली जरा तरी वाकेल, तुमच्या हाताला कळेल."

"काठीवर जो नंबर लिहिलाय तीच दोरी लागेल. कुबड्या घेऊन उभं राहायचं असतं तर ती बायकांची नसती का घेतली?"

झालं. माणसाला एकदा खुमखुमी चढली की त्याच्यापुढे डोकं फोडण्यात अर्थ नसतो. मी माझ्या कामाला लागले.

गवताच्या पट्ट्यावर सराव सुरू झाला आणि आमच्या घराची शोभा सुरू झाली. भावोजींचा हात मागे जायचा आणि सवयीनं थांबायचा. ती काठी थांबणारी नव्हतीच. ती केव्हाच ताठ होऊन बसलेली, दोरीचा जीव गेलेला, आणि दोरी हळूहळू पाठीमागे गवतात उतरायची. मग ते पुढे ओढायचे तेव्हा हूक गवताचा झुपका घेऊन यायचा. एकदा ताईचा वाळत घातलेला परकर आला. तो परकर हवेतून पुढे येताना तरुण मार्गदर्शकांनी पाहिलं, आणि त्यानंतर रोज संध्याकाळी ते कुंपणाला टेकून उभे राहायला लागले. "दमधरे, आज काय लागणार? चादर?" जावई यायचा, त्यांना दटावायचा, आणि स्वतः तिथंच उभा राहायचा.

ताईनं तर छळच मांडला. आधीच तिची जीभ धारदार, त्यात घर जायची भीती. जेवताना म्हणायची, "जन्मभर दम धरलात, काय मिळालं? आता माझं घर जाईल तेव्हाही दमच धरा." भावोजी खाली मान घालून जेवायचे.

एके संध्याकाळी त्यांनी माझ्या कामाच्या टेबलावरची लाकडी पट्टी उचलली. काठीवर कड्यांच्या खुणा करायला मी वापरते ती, लांब आणि जाड. ती त्यांनी ताईच्या हातात दिली.

"माझ्या मागं उभी राहा," ते म्हणाले. "हात मागे थांबला की कोपरावर मार."

ताई म्हणाली, "काहीतरीच."

"तुला घर हवंय ना?"

ती उभी राहिली. आधी हळू मारायची, नुसती टेकवायची. ते म्हणायचे, "कळत नाही. जोरात." मग ती जोरात मारायला लागली. मी खिडकीतून बघत होते, आणि सांगते, थोड्या दिवसांनी तिच्या मारण्यात नुसतं घर नव्हतं, सगळा संसार होता. न झालेली सहल, न घेतलेलं शिलाई मशीन, एकुलती एक लेक त्या गोडबोल्याला दिली ते, सगळं त्या पट्टीत उतरलं. कुंपणाजवळची पोरंसुद्धा हसायची थांबली. भावोजींचं कोपर काळंनिळं झालं. त्यांनी कळ काढली आणि परत हात उचलला.

आणि जमलं. कोपरानं धसका घेतला आणि हात थांबेनासा झाला. मागे गेला की लगेच पुढे, मागे की पुढे. दोरी सणसणत जायला लागली. पण ती घाई हातातच राहिली नाही. ताटात वाढलेलं गार व्हायच्या आत नाही, पुरतं वाढून व्हायच्या आत संपायला लागलं. प्रश्न पुरा व्हायच्या आधी उत्तर. चहा इतका घाईनं प्यायचे की जीभ सारखी भाजलेली. पूर्वी पाहुण्याचं बूट घालून होईतो शांतपणे नदीकडे बघत बसणारा माणूस, आता दारात उभा राहून पाय हलवायचा. ताई म्हणाली, "बघ, सुधारले." मी म्हटलं, "हो, सुधारले." दुसरं काय म्हणणार होते?

हंगामाच्या पहिल्या दिवशी मालक आले, सावलीत खुर्ची टाकून बसले. वारा समोरून होता. पोरांपैकी दोघांच्या माशा खडकाच्या अलीकडे पडल्या. भावोजींनी तीनदा हात फिरवला, चौथ्यांदा दोरी सोडली. माशी सपाट खडकाच्या बरोबर मधोमध बसली. मालकांनी टाळ्या वाजवल्या. ताई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि तिचं असं रडणं मी आईबाबा गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं. घर राहिलं.

जावई टाळ्या वाजवत पुढे आला. "बाबा, कमाल केलीत. आता ती जुनी काठी घरात कशाला, दुकानाच्या भिंतीवर..."

"घेऊन जा, घेऊन जा," भावोजी म्हणाले. तो पुरतं बोललासुद्धा नव्हता.

त्यानं ती काउंटरच्या वर लावली. नुसती टांगली नाही. ड्रिल घेऊन काठीत दोन भोकं पाडली आणि स्क्रूनं भिंतीत पक्की केली. मी दुकानात गेले तेव्हा खाली पिवळा भुसा पडला होता. मी त्याला म्हटलं, "अहो, ही काठी अजून चालत होती." तो म्हणाला, "मावशी, आता ती शोभेल." माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण खोल्या कुणाच्या हातात होत्या ते मला ठाऊक होतं, म्हणून मी केरसुणी घेतली आणि तो भुसा भरला.

त्या हंगामात भावोजींचं बरं चाललं. पाहुणे कमी शिकायचे, कारण भावोजी त्यांचं मनगट धरायचेच नाहीत, नुसतं "हां, पुढे, पुढे" करायचे. पण काठ्या खपल्या, आणि क्लबला तेवढंच हवं होतं.

पुढच्या वर्षी वारं फिरलं. शहरातल्या लोकांचं काय सांगावं, त्यांना कार्बनचा कंटाळा आला. येणारा प्रत्येक पाहुणा काउंटरच्या वर बोट दाखवायचा. "ती चालते का हो? तशी मिळेल का? आमचे वडील तशीच वापरायचे." नव्या कारखान्यांनी परत फायबरग्लासच्या काठ्या काढल्या होत्या, हळू, मुठीपर्यंत वाकणाऱ्या, मधाच्या रंगाच्या. जावयानं पेटीभर मागवल्या आणि फलक लावला: 'जुन्या पद्धतीची संथ फेक. शिकवणार खुद्द दमधरे.' वर भावोजींचा जुना फोटो, कुणा साहेबाच्या मनगटावर दोन बोटं ठेवलेला.

भावोजी त्या फलकासमोर उभे राहिले. वर्षभरात पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं मला. घरी येऊन म्हणाले, "बघितलंस? शेवटी यावं लागलं त्यांना." ताईनं सदऱ्याला इस्त्री केली. त्या सकाळी त्यांनी दोनदा दाढी केली, घाईत पहिल्यांदा अर्धीच झाली होती.

मालक आले होते. पाहुणे अर्धगोलात उभे. भावोजींनी नवी मधाच्या रंगाची काठी हातात घेतली आणि हलवली. काठी मुठीपर्यंत वाकली. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आलं, परत आलं सगळं.

त्यांनी हात मागे नेला आणि लगेच पुढे आणला. दोरी चाबकासारखी कडाडली आणि माशी तुटून कुठंतरी गेली. पाहुण्यांना वाटलं, कसं करू नये ते दाखवतायत. एकानं मान डोलावून लिहूनसुद्धा घेतलं. भावोजींनी नवी माशी बांधली. पुन्हा कडाड. तिसऱ्यांदा सगळी दोरी त्यांच्या टोपीवर येऊन पडली, वेटोळी वेटोळी, आणि कुणीतरी फिसकन हसलं. ते थांबायचा प्रयत्न करत होते हो. मला दिसत होतं. दात आवळले होते, मानेची शीर फुगली होती. पण हात मागे पोचला की कोपर दचकायचं, आणि हात पळायचा.

मग भाची पुढे आली. पावत्या लावणारी, मान वर न करणारी माझी भाची. ती बापाच्या मागे उभी राहिली आणि तिनं त्यांच्या मनगटावर दोन बोटं ठेवली.

"बाबा, दम धरा," ती म्हणाली. अगदी त्यांच्याच सुरात.

तिनं दाबून धरलं. सगळ्यांच्या देखत भावोजींचा हात तिच्या बोटांखाली धडपडला, आणि निसटला. परत कडाड.

जावई हसत पुढे झाला. "वय झालं की हातात घाई येते, काय करणार. पण विद्या घरातच आहे, काळजी नको." त्यानं काठी भावोजींच्या हातातून काढली आणि बायकोच्या हातात दिली. भाचीनं हात मागे नेला आणि थांबली. एवढा वेळ थांबली की पाहुण्यांनी श्वास धरला. मग दोरी लांब, सावकाश उलगडत गेली आणि माशी पाण्यावर पिसासारखी उतरली. टाळ्या पडल्या. मालकांनी विचारलं, "हिला कुणी शिकवलं?" उत्तर द्यायला भावोजी तोंड उघडणार, तोवर जावई म्हणाला, "क्लबमध्येच शिकली."

फलकावरचं नाव त्याच दिवशी बदललं. फोटो तोच ठेवला.

भावोजींना काढलं नाही, उगाच कुणावर आळ नको. पाहुण्यांचे ओले बूट धुवायचे, उलटे टांगायचे, दोऱ्या पुसायच्या, हे काम दिलं. ते घाईघाईनं धुतात म्हणून बुटात वाळू राहते, त्याबद्दल तरुण पोरं त्यांना बोलतात. दोनपैकी एक खोली ठेवलीय आम्हाला. मी आता काठ्यांच्या खोलीत झोपते, वार्निशच्या वासात. कडक काठीसुद्धा गेली त्यांच्या हातून. ती धरली की आता ते मुद्दाम थांबायला बघतात, आणि दोरी गवतात.

त्या शिकवणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबलाशी बसले होते. भावोजी आले, पट्टी उचलली आणि बाहेर ताईकडे गेले. तिच्यापुढे धरली.

"आता उलट," ते म्हणाले. "घाई केली की मार."

ताईनं त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी ही पट्टी चुलीत घालेल. मी तेवढ्यासाठी उठून दारापर्यंत गेले. पण नदीवर भाचीची शिकवणी सुरू झाली होती, तिचं "दम धरा... दम धरा..." स्पष्ट ऐकू येत होतं, आणि भावोजी नुसत्या वेताच्या काठीला दोरी बांधून गवतावर उभेही राहिले होते. ताईनं पदर खोचला आणि त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली.

त्यांचा हात मागे गेला. नदीवरून "आता" यायच्या कितीतरी आधी तो पुढे आला होता. ताईनं मारलं.

"जोरात," ते म्हणाले.